फिरेंझे म्हणजे फ्लॉरेन्सच, आणि इटलीतल्या बाकी गावांची बारशी

आधी काळजी मिटवतो. तिकीट बरोबर आहे, फिरेंझे म्हणजेच फ्लॉरेन्स. तुम्ही विचारलंय की आईबाबांना घेऊन इटलीला चाललोय, ट्रेनच्या तिकिटावर फ्लॉरेन्स कुठेच दिसत नाही, 'फिरेंझे एस. एम. एन.' असं काहीतरी छापलंय, तर गाव चुकलं का, आणि जाता जाता हेही की या शहरांची नावं आणि 'इटर्नल सिटी' वगैरे टोपणनावं आली कुठून. एस. एम. एन. म्हणजे सांता मारिया नोव्हेल्ला, स्टेशनजवळच्या जुन्या चर्चचं नाव, मेन स्टेशन तेच, निवांत उतरा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांबणार आहे. मी बरीच वर्षं मराठी ग्रुप घेऊन इटलीत फिरतोय आणि बसमधे माइक हातात आला की हाच विषय निघतो, त्यामुळे चहा घेऊन बसा.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे ती सगळीकडे लागू होते. आपल्याकडे जसं प्रत्येक देवळाला स्थळपुराण असतं तसं इटलीत प्रत्येक शहराला असतं, आणि लोकल गाइड ते असं रंगवून सांगतो की आपण माना डोलवतो. पण बहुतेक वेळा नाव आधीचं असतं आणि गोष्ट नंतरची. नावाचा मूळ अर्थ लोक विसरतात, कानाला जे ऐकू येतं त्यावरून कुणीतरी गोष्ट जुळवतं, मग ती गोष्ट दगडात कोरतात, आणि पाचशे वर्षांनी तो दगडच पुरावा होऊन बसतो. टोपणनावांचं उलट आहे, ती एकतर शहराने स्वतःची टिमकी वाजवायला घेतलेली किंवा शेजारच्याने चिडवायला ठेवलेली, त्यामुळे त्यांच्यावर मी जास्त विश्वास ठेवतो.

रोमपासूनच बघा. शाळेत आपण शिकलो रोम्युलसने इ.स.पू. 753 मधे शहर वसवलं म्हणून नाव रोम (तारीखसुद्धा ठरलेली आहे, 21 एप्रिल, अजून दरवर्षी वाढदिवस साजरा करतात, त्या दिवशी तिथे असाल तर रोमन सैनिकांच्या वेषातली मिरवणूक बघून घ्या). पण अभ्यासक म्हणतात की रोम्युलसवरून रोम नाही, रोमवरून रोम्युलस, शहराला एक मूळपुरुष हवा होता म्हणून तो घडवला. मग रोमा कुठून आलं? टायबर नदीचं जुनं नाव रुमोन होतं असं एक मत, एट्रुस्कन लोकांमधे (रोमनांच्या आधीपासून तिथे राहणारे) रुमा नावाचं घराणं होतं असं दुसरं, आणखीही आहेत, अजून एकमत नाही. 'शाश्वत नगरी' हे मात्र पक्कं, तिबुल्लुस नावाच्या कवीने इसवी सनाच्या आधीच्या शतकात रोमला तसं म्हटलंय. म्हणजे पुढची साडेचारशे-पाचशे वर्षं साम्राज्य टिकेल की नाही कुणाला माहीत नव्हतं तेव्हाच यांनी स्वतःला शाश्वत जाहीर करून टाकलं होतं! आणि तिथे फिरताना गटाराच्या झाकणांवर बघा, एस पी क्यू आर अशी चार अक्षरं असतात. अर्थ 'रोमचं सिनेट आणि रोमची जनता'. बाकीचे इटालियन त्याचा अर्थ लावतात 'सोनो पोर्ची क्वेस्ती रोमानी', हे रोमवाले डुकरं आहेत. शेजाऱ्यांचं प्रेम, दुसरं काय.

तुमची ट्रेन बहुतेक रोमा टर्मिनीवरून सुटेल. आपण व्ही. टी. वाले लोक, टर्मिनी ऐकलं की टर्मिनस वाटतं. तसं नाहीये, समोर डायोक्लेशन बादशहाचे प्रचंड मोठे हमामखाने होते, लॅटिनमधे थर्मे, त्यावरून त्या भागाचं नाव टर्मिनी. अवशेष रस्ता ओलांडला की आहेतच.

फ्लॉरेन्सचं लॅटिन नाव फ्लोरेन्तिया. परंपरेने सांगतात की ज्युलियस सीझरने इ.स.पू. 59 मधे आपल्या निवृत्त सैनिकांसाठी ही वसाहत वसवली आणि 'बहरू दे' अशा शुभ अर्थाने नाव ठेवलं. फ्लोरेन्तियाचं बोलता बोलता फियोरेंझा झालं आणि त्याचं फिरेंझे. इंग्रजांनी ते नाव फ्रेंचांकडून उचललं आणि आपण इंग्रजांकडून, रोम, व्हेनिस, नेपल्स सगळी अशीच आपल्याकडे आली. गंमत म्हणजे फ्लॉरेन्स हे परकं रूप मूळ लॅटिनच्या फिरेंझेपेक्षा जवळचं आहे, त्यामुळे मी दोन्ही वापरतो आणि कुणी नाक मुरडलं तर हे ऐकवतो. फूल शहराच्या चिन्हातही आहे. त्याला लिली म्हणतात पण खरं ते आयरिस. आधी लाल पार्श्वभूमीवर पांढरं फूल असायचं, 1251 मधे गावातल्या एका गटाने दुसऱ्याला हाकलून लावलं आणि रंग उलटे केले, तेव्हापासून पांढऱ्यावर लाल. पुढच्याच वर्षी, 1252 मधे, त्यांनी सोन्याचं नाणं काढलं, त्यावर तेच फूल, म्हणून नाव फियोरिनो. युरोपभर चाललेला फ्लोरिन तो हाच.

आता माझं लाडकं प्रकरण, मिलान. म्हणजे मिलानो. ड्युओमो, म्हणजे तिथलं मोठं चर्च, बघून झालं की लोक शॉपिंगला पळतात, तुम्ही पाच मिनिटं काढा आणि व्हिया मेर्कान्तीवर पालाझ्झो देल्ला राजोने नावाची तेराव्या शतकातली इमारत आहे तिथे जा. खाली कमानी आहेत, त्यातल्या एकीवर वर मान करून बघितलं तर दगडात एक लहानशी डुकरीण कोरलेली दिसेल, झिजलेली आहे, सांगितल्याशिवाय कळत नाही. हे मिलानचं स्थळपुराण. गॉल या केल्टिक लोकांचा सरदार इथे आला, त्याला अर्ध्या अंगावर लोकर असलेली डुकरीण दिसली, हा शुभशकुन मानून त्याने शहर वसवलं आणि नाव ठेवलं मेदियोलानुम, 'मेदियो' म्हणजे अर्धं आणि 'लाना' म्हणजे लोकर. ऐकायला एकदम फिट्ट! अडचण एवढीच की मेदियोलानुम हे नाव लॅटिन नाहीच, ते केल्टिक आहे, अर्थ साधारण 'मैदानाच्या मधोमधलं ठिकाण' (काही जण म्हणतात मधलं पवित्र स्थान), आणि केल्टिक लोक जिथे जिथे राहिले तिथे याच नावाची गावं सापडतात, फ्रान्समधलं सेंत आणि एव्ह्रो ही दोन्ही रोमनकाळी मेदियोलानुमच होती. मग प्रत्येक ठिकाणी लोकरीची डुकरीण उगवली होती का? नकाशावर मिलान बघा, पो नदीच्या सपाटीच्या मधे आहे, नाव जे सांगतंय तेच आहे. तरीपण डुकरीण बघाच, गोष्ट खोटी असली तरी दगड खरा आहे.

मिलान की मिलानो यावर फुटबॉलवाले हमखास भांडतात. ए. सी. मिलान हा क्लब 1899 मधे तिथल्या इंग्रजांनी काढला म्हणून नाव इंग्रजी, आणि सुरुवातीचं पूर्ण नाव 'मिलान फुटबॉल अँड क्रिकेट क्लब'. हो, क्रिकेट. जेनोआचा क्लब तर त्याहून जुना, 1893 चा, आणि त्याच्या अधिकृत नावात आजही क्रिकेट आहे. मुसोलिनीच्या राजवटीत परकी नावं चालेनात, तेव्हा दोघांनाही मिलानो आणि जेनोव्हा व्हायला लागलं, युद्ध संपल्यावर दोघांनी आपापली जुनी नावं परत घेतली.

तिथेच ड्युओमोच्या शेजारी ती काचेच्या छताची गॅलेरिया आहे, तिथे जमिनीवर मोझॅइकचा एक बैल आहे आणि त्याच्या नको त्या जागी टाच ठेवून लोक गोल गोल फिरतात, नशीब उघडतं म्हणे. आपले काका लोक यात सगळ्यात पुढे असतात. तो बैल मिलानचा नाहीच, तोरिनोचा (इंग्रजीत ट्यूरिन) आहे! गॅलेरिया बांधली तेव्हा जमिनीवर मिलानबरोबर नव्या इटलीच्या तीन राजधान्यांची चिन्हं बसवली, तोरिनो (1861 पासूनची पहिली), फिरेंझे (1865 ते 1871) आणि रोम. आता तोरिनोचं चिन्ह बैल का, तर तोरो म्हणजे बैल. गावभर हिरवे नळ आहेत, पाणी बैलाच्या तोंडातून येतं, प्यायचं पाणी आहे, बाटली भरून घ्या. फुटबॉल क्लबलाही तोरोच म्हणतात. पण नाव आलंय तिथल्या ताउरिनी टोळीवरून आणि त्यातला 'ताउर' बहुधा डोंगर या अर्थाचा जुना आल्प्सकडचा शब्द आहे, ऑस्ट्रियातल्या टाउएर्न डोंगररांगेत तोच आहे असं मानतात. तोरिनोत कुठल्याही मोकळ्या रस्त्याच्या टोकाला बर्फाचे डोंगर दिसतात, बैल मला तरी एकही दिसला नाही.

जेनोव्हाचं (इंग्रजीत जेनोआ) नाव काहींच्या मते 'गेनू' म्हणजे लॅटिन गुडघ्यावरून आलं, किनारा तिथे वाकलाय म्हणून. मध्ययुगातल्या लोकांनी मात्र ते यानुस या रोमन देवाशी आणि 'यानुआ' म्हणजे दरवाजाशी जोडलं, परत तेच स्थळपुराण. टोपणनाव 'ला सुपेर्बा', हे पेत्रार्क कवीच्या 1358 च्या वर्णनावरून रूढ झालं, आणि या शब्दाचा अर्थ भव्यही होतो आणि गर्विष्ठही, जेनोव्हावाले पहिला घेतात आणि व्हेनिसवाले दुसरा. आपल्याशी नातं हवं असेल तर पँटकडे बघा. जेनोव्हाला फ्रेंचमधे जेन म्हणतात, तिथून येणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून जीन्स. आणि तसल्याच जाड कापडाची डंगरी आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून. दोन बंदरं, दोन्हीकडे खलाशी आणि हमाल, दोघांच्या अंगावरच्या कापडाने गावाचं नाव जगभर नेलं.

लिव्होर्नोचंही असंच. इंग्रजांनी त्याचं केलं लेगहॉर्न, आणि तिथून गेलेल्या कोंबड्यांना तेच नाव चिकटलं. गावाकडे पोल्ट्री असलेल्या कुणालाही विचारा, व्हाइट लेगहॉर्न माहीत नाही असा माणूस सापडणार नाही, पण ते इटलीतलं बंदर आहे हे सांगितलं की चेहरा बघण्यासारखा होतो.

व्हेनिस वेनेती लोकांवरून. हजारेक वर्षं स्वतंत्र प्रजासत्ताक होतं, 1797 मधे नेपोलियनने संपवलं, आणि त्या राज्याची पदवी होती 'सेरेनिस्सिमा', आपल्याकडे श्रीमंत किंवा महाराजाधिराज लावतात तशी, शब्दशः अत्यंत प्रशांत. लोकांना वाटतं पाणी शांत आहे म्हणून, पण ती सरकारी उपाधी आहे. पाण्यामुळे मिळालेला मान वेगळा, जगात कुठेही चार कालवे दिसले की ते गाव अमुक दिशेचं व्हेनिस, आपलं अलेप्पी पूर्वेचं. दक्षिण अमेरिकेतला व्हेनेझुएलासुद्धा 'छोटं व्हेनिस' म्हणूनच, पाण्यात खांबांवर उभ्या झोपड्या बघून 1499 च्या मोहिमेतल्या लोकांनी ठेवलेलं नाव असं सांगतात. (उतरताना व्हेनेझिया सांता लुचियाला उतरा. मेस्त्रे हे अलीकडचं, जमिनीवरचं स्टेशन, हॉटेल स्वस्त म्हणून तिथे घेतलं असेल तरच.)

व्हेनिसच्या आसपासच्या गावांची एक यमक जुळवलेली ओळ आहे, ती मी प्रत्येक ग्रुपला पाठ करायला लावतो. 'व्हेनेसियानी ग्रान सिन्योरी, पादोवानी ग्रान दोतोरी, विचेंतिनी मान्या गाती, वेरोनेझी तुती माती.' व्हेनिसवाले मोठे सरदार, पादोवावाले मोठे पंडित, विचेंझावाले मांजरखाऊ आणि वेरोनावाले सगळेच येडे. शेवटच्या 'माती'वर आपली मंडळी खो खो हसतात. विचेंझाच्या माणसांना अजूनही शेजारचे मान्यागाती म्हणून चिडवतात, नाव का पडलं त्याच्या दहा गोष्टी, आणि ते बऱ्यापैकी खेळकरपणे घेतात. पादोवाचे पंडित का, तर तिथली युनिव्हर्सिटी 1222 ची, गॅलिलिओने तिथे 18 वर्षं शिकवलं. आणि पादोवाचं अजून एक टोपणनाव मला फार आवडतं, तीन 'बिन'वालं शहर. बिननावाचा संत, बिनगवताचं कुरण, बिनदाराचं कॅफे. संत म्हणजे सेंट अँथनी, गावात त्यांना नुसतं 'इल सांतो' म्हणतात, नाव घ्यायची गरजच नाही. कुरण म्हणजे प्रातो देल्ला व्हाल्ले, नाव कुरणाचं पण पूर्वी नुसती दलदल होती. आणि कॅफे पेद्रोक्की, जे 1916 पर्यंत दिवसरात्र उघडं असायचं म्हणून दारं असून नसल्यासारखी.

बोलोन्याला मात्र एक रात्र काढाच, लोक रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिस करतात आणि हे मधलं गाव ट्रेनच्या खिडकीतून सोडून देतात. एट्रुस्कनांनी म्हटलं फेल्सिना, मग बोई नावाचे केल्टिक लोक आले, इ.स.पू. 189 मधे रोमनांनी वसाहत केली आणि नाव झालं बोनोनिया. टोपणनावं एक नाही तीन, 'ला दोत्ता, ला ग्रास्सा, ला रोस्सा', विदुषी, गुबगुबीत आणि लाल. विदुषी कारण युनिव्हर्सिटी परंपरेने 1088 ची, युरोपात सगळ्यात जुनी. गुबगुबीत कारण मोर्ताडेल्ला (डुकराच्या मांसाचं सॉसेज), तोर्तेल्लिनी (सारण भरलेला पास्ता) आणि ते प्रसिद्ध रागू (मटणाचा रस्सा), जे स्पगेटीवर मागितलंत तर वेटरचा चेहरा पडेल, ते ताल्यातेल्ले या चपट्या पास्त्यावर खातात (व्हेज असाल तर भोपळ्याचं सारण घातलेला पास्ता मिळतो का विचारा). लाल कारण छपरं आणि भिंती विटकरी, आणि दुसरं कारण राजकारण, 1945 पासून 1999 पर्यंत सलग कम्युनिस्ट आणि त्यांच्या वारसदारांची महापालिका. तिन्ही नावं स्टेशनपासून चौकापर्यंत चालत गेलं तरी पटतात.

त्याच भागात पुढे फोर्ली लागतं, फोरुम लिव्ही, लिव्हियसचा बाजार, पण नावापेक्षा मराठी माणसाने थांबावं ते तिथल्या भारतीय सैनिकांच्या स्मशानभूमीसाठी. जवळच्या सेनियो नदीवर एप्रिल 1945 मधे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

दक्षिणेत नावं ग्रीक होतात. नापोली म्हणजे नेआपोलिस, नवं शहर. ग्रीक 'नेओस' आणि आपलं 'नव', ग्रीक 'पोलिस' आणि आपलं 'पूर' ही एकाच मुळाची भावंडं आहेत, म्हणजे नापोली आणि नंदुरबारचं नवापूर ही नावं अक्षरशः एकच. नव्याच्या आधी तिथे पार्थेनोपे होतं, ग्रीक महाकाव्यातल्या ओडिसियसला गाण्याने भुलवता आलं नाही म्हणून जीव दिलेल्या सायरनचं (गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या मायाविनीचं) नाव, अजून नापोलीच्या माणसांना पार्तेनोपेई म्हणतात. आंकोना म्हणजे ग्रीकमधे कोपर, आणि किनारा खरंच कोपरासारखा दुमडलाय. बेनेव्हेन्तोचं मूळ नाव मालेव्हेन्तुम, रोमनांना त्यात 'माले' म्हणजे वाईट ऐकू आलं, तिथे ग्रीक राजा पिर्हसला हरवल्यावर त्यांनी ते बदलून बेनेव्हेन्तुम केलं, वाईटाचं चांगलं. तरी गावाची ख्याती चेटकिणींचं गाव म्हणूनच, आणि 1860 पासून तिथे बनणाऱ्या लिकरचं नावही स्त्रेगा, चेटकीण.

सिसिलीत तर मजाच आहे, तिथे अरबांनी राज्य केलंय. काल्तानिस्सेत्ता, काल्ताजिरोने, काल्ताबेलोत्ता, यातलं 'काल्ता' म्हणजे अरबी कलअत, आपला किल्ला त्याच शब्दातून आलाय. मार्साला दारूचं गाव 'मर्सा'वरून, म्हणजे बंदर, मसाल्याशी संबंध नाही. एटना ज्वालामुखीला जुने लोक मोंजिबेल्लो म्हणतात, मोंते म्हणजे डोंगर आणि जबल म्हणजे पण डोंगर. पण सगळ्यावर कडी एन्नाची. बेटाच्या मधोमध उंच डोंगरावर हेन्ना नावाचं प्राचीन गाव. रोमनांनी म्हटलं कास्त्रुम हेन्ने, हेन्नाचा किल्ला. अरबांच्या तोंडी ते झालं कस्र यान्ना. अरब गेले, पुढच्यांना 'यान्ना'मधे जोव्हान्नी ऐकू आलं, आणि गाव झालं कास्त्रोजोव्हान्नी, जॉनचा किल्ला. कोण जॉन? कुणीच नाही! कित्येक शतकं लोक या नसलेल्या जॉनच्या गावात राहिले, शेवटी 1920 च्या दशकात मुसोलिनी सरकारने जुनं एन्ना परत आणलं. 1927 मधे जिरजेन्तीचं आग्रिजेन्तो केलं तेही त्याच लाटेत, प्राचीन रोमचा थाट हवा होता त्यांना. नामांतराचं राजकारण आपल्याला काही समजावून सांगायला नको.

आता तिकीट काढताना फसवणारी दोन नावं, एवढं लक्षात ठेवा. एक रेज्जो. रेज्जो एमिलिया उत्तरेत, पार्मेजान चीजवालं, आणि रेज्जो कालाब्रिया पार बुटाच्या टोकाला, मधे हजारेक किलोमीटर. पहिलं रोमन रेजियुम लेपिदीवरून, दुसरं ग्रीक रेगिओनवरून, नात्यागोत्याचा काही संबंध नाही, वेबसाइटवर मात्र एकाखाली एक येतात. आणि दुसरं मोनाको. वेरोना स्टेशनच्या बोर्डावर मोनाको दिसलं म्हणून राजपुत्राच्या कॅसिनोवाल्या गावाला जायच्या आनंदात चढू नका, इटालियनमधे म्यूनिकलाही मोनाकोच म्हणतात, ती गाडी थेट जर्मनीत नेऊन सोडेल.